मूळ दृष्टी आणि काळोख्या शाखा : विज्ञानकथेतील निष्ठेचा प्रश्न

प्रास्ताविक

94वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन 3 ते 5 डिसेंबर 2021 या काळात नाशिक येथे भरले. करोनाच्या साथीमुळे त्याच वर्षी मार्चमध्ये ठरलेले हे संमेलन पुढे ढकलावे लागले होते. संमेलनाध्यक्ष डॉ. जयंत नारळीकर प्रकृतीच्या कारणास्तव प्रत्यक्ष उपस्थित राहू शकले नाहीत. तरीही ज्याची साहित्यिक ओळख प्रामुख्याने विज्ञानकथेवर उभी आहे अशा लेखकाची कुसुमाग्रजांच्या नगरीत अध्यक्षपदी निवड व्हावी, ही घटना मराठी साहित्यव्यवहाराच्या दृष्टीने लक्षणीय होती. विज्ञानकथेला दीर्घकाळ साहित्याच्या ओसरीवर बसवले गेले. माजघरात तिला क्वचितच प्रवेश मिळाला. नाशिकच्या संमेलनाने तो काही अंशी दिला, असे म्हणता येईल.

20 मे 2025 रोजी डॉ. नारळीकरांचे पुण्यात निधन झाले. एखाद्या परंपरेचा प्रमुख निर्माता गेल्यानंतर त्याच्या दृष्टीचे पुढे काय होते, हा प्रश्न आता मराठी विज्ञानकथेपुढे उभा आहे. पाश्चात्त्य देशांत हाच प्रश्न चित्रवाणी मालिका व चित्रपट यांच्या संदर्भात गेली अनेक दशके वादाचा विषय झालेला आहे. एखाद्या आशावादी कथाविश्वातून पुढे गडद, हिंसक वा संशयग्रस्त शाखा फुटल्या, तर त्या मूळ दृष्टीशी प्रामाणिक राहतात का? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार मराठी विज्ञानकथेच्या अंगाने केला असून, त्यासाठी आवश्यक तेथे पाश्चात्त्य उदाहरणांचा आधार घेतला आहे.

येथे वापरलेल्या दोन संज्ञांचा अर्थ स्पष्ट करणे आवश्यक आहे. एकाच कल्पित जगात घडणाऱ्या, अनेक लेखकांनी व माध्यमांनी वाढवलेल्या कथासमूहाला इंग्रजीत 'फ्रँचायझी' म्हणतात. त्यासाठी येथे 'कथाविश्व' हा शब्द योजला आहे. अशा कथाविश्वातून निघालेल्या, परंतु स्वतंत्र पात्रे व स्वतंत्र सूर असलेल्या 'स्पिन-ऑफ'ला 'शाखाकृती' म्हटले आहे. मराठीत विज्ञानकथेचे असे व्यावसायिक कथाविश्व उभे राहिलेले नाही. मात्र संस्थापक, पुरस्कर्ती संस्था आणि घोषित प्रयोजन या तिन्ही गोष्टी असलेली परंपरा मराठीत आहे, आणि निष्ठेचा प्रश्न तिलाही लागू पडतो.

मराठी विज्ञानकथेचे घोषित प्रयोजन

मराठीत विज्ञानाश्रित कथेची सुरुवात विसाव्या शतकाच्या आरंभीच झाली. ज्यूल व्हर्नच्या कथांची रूपांतरे हा तिचा पहिला मोठा स्रोत होय. पुढे भा. रा. भागवत (1910-2001) यांनी व्हर्न मराठी मुलांच्या घरात नेऊन ठेवला. परंतु या लेखनाला संस्थात्मक अधिष्ठान मिळाले ते मराठी विज्ञान परिषदेमुळे. 24 एप्रिल 1966 रोजी मुंबईत स्थापन झालेल्या या परिषदेचा हेतू विज्ञान मराठीतून समाजापर्यंत पोहोचवणे हा होता. 1970च्या सुमारास परिषदेने विज्ञानरंजन कथास्पर्धा सुरू केली. 'विज्ञानरंजन' या शब्दातच प्रयोजनाची घोषणा आहे. कथा हे वाहन आणि विज्ञान हा त्यातील प्रवासी, अशी ही मांडणी होती.

1974 साली या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. ज. वि. ना. ही आद्याक्षरे उलटी करून घेतलेले हे टोपणनाव जयंत विष्णू नारळीकरांचे होते. आपल्या कीर्तीचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये म्हणून त्यांनी हस्ताक्षरसुद्धा स्वतःचे ठेवले नव्हते. कथा त्यांच्या पत्नीने लिहून काढली होती. पुढच्याच वर्षी कराड येथील साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी या नव्या लेखनाची दखल घेतली. 1979 मध्ये 'यक्षांची देणगी' हा संग्रह आला, 1983 मध्ये 'प्रेषित', 1986 मध्ये 'वामन परत न आला'. नारळीकरांच्या बरोबरीने बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, अरुण मांडे यांनी या प्रकाराला स्थैर्य दिले. यांपैकी अनेकजण विज्ञान वा तंत्रज्ञान क्षेत्रातील होते, हे महत्त्वाचे आहे.

या पार्श्वभूमीमुळे समीक्षेत एक समज रूढ झाला. मराठी विज्ञानकथेचे मूळ स्वरूप प्रबोधनपर व आशावादी असून, विनाशाची, पाळतीची, यंत्राच्या अंमलाची कथा ही त्या परंपरेतील नंतरची, काहीशी परकी भर होय, असा हा समज. वर्गात विज्ञानकथा शिकवताना तो सहज वापरला जातो, कारण तो सोयीचा आहे. विज्ञानप्रसार म्हणजे विज्ञानाविषयी विश्वास, आणि विश्वास म्हणजे उजेड, असे हे समीकरण. मूळ ग्रंथांकडे परत गेले की ते टिकत नाही. मात्र तसे करण्यापूर्वी, हेच समीकरण इतरत्र कसे मोडले हे पाहणे उपयुक्त ठरते.

दोन शिक्षक आणि एक राक्षस

23 नोव्हेंबर 1963 रोजी बीबीसीवर 'डॉक्टर हू' ही मालिका सुरू झाली. बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांची मूळ कल्पना मराठी विज्ञान परिषदेच्या कल्पनेशी चकित करणारे साम्य दाखवते. मुलांना इतिहास आणि विज्ञान मनोरंजनातून कळावे, हा त्यांचा हेतू होता. म्हणूनच गूढ प्रवासी डॉक्टरसोबत निघणाऱ्यांत एक विज्ञानाचा शिक्षक होता आणि एक इतिहासाची शिक्षिका. बटबटीत डोळ्यांचे परग्रही राक्षस या मालिकेत नकोत, अशी न्यूमन यांची स्पष्ट सूचना होती.

त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये टेरी नेशन यांनी लिहिलेल्या दुसऱ्याच कथेत 'डॅलेक' अवतरले. अण्वस्त्रयुद्धातून विकृत होऊन उरलेले, लोखंडी कवचात बसलेले, आपल्याहून वेगळ्या प्रत्येकाचा नाश करू पाहणारे हे जीव होते. न्यूमन संतापले. निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट आपल्या निर्णयावर ठाम राहिल्या. डॅलेकांमुळेच मालिका लोकप्रिय झाली आणि टिकली. न्यूमन यांनीही पुढे ते मान्य केले. येथे विचारार्ह बाब अशी की सूचनेचा भंग झाला तरी हेतूचा भंग झाला नाही. दुसरे महायुद्ध संपून अवघी अठरा वर्षे झाली होती. वंशशुद्धीचे वेड आणि अण्वस्त्रे या दोन गोष्टी ब्रिटिश मुलांना समजावून देणारा इतका परिणामकारक धडा त्या दोन शिक्षकांनी मिळूनही दिला नसता.

या मालिकेची प्रौढांसाठीची शाखाकृती 'टॉर्चवुड' 2006 साली आली. तिचा 2009 मधील पाच भागांचा 'चिल्ड्रन ऑफ अर्थ' हा खंड गडद शाखाकृतीचे टोकाचे उदाहरण आहे. परग्रहवासी पृथ्वीवरील दहा टक्के मुले मागतात. ब्रिटिश मंत्रिमंडळ बंद दाराआड चर्चा करते आणि मुले कोणती द्यायची याचा निकष ठरवते: शाळांच्या निकालपत्रकांत तळाला असलेल्या शाळांतली. प्राध्यापकवर्गाने हा प्रसंग अवश्य पाहावा. गुणवत्तायादी या वस्तूकडे त्यानंतर पूर्वीसारखे पाहता येत नाही. संकट टळते, पण त्यासाठी नायकाला स्वतःच्या नातवाचा बळी द्यावा लागतो.

मूळ मालिकेत डॉक्टर येतो आणि कोणाचाही बळी न देता मार्ग काढण्याची धडपड करतो. येथे डॉक्टर येतच नाही. त्याची अनुपस्थिती मात्र प्रत्येक दृश्यात जाणवते, आणि माणसांचे हे वर्तन पाहून त्याने लाजेने तोंड फिरवले असेल, असा विचार एका पात्राच्या तोंडी येतो. मूळ मूल्य जगात उरलेले नाही हे दाखवतानाच, त्या मूल्यानेच या जगाचा न्याय केला जातो. सुराचा संपूर्ण पालट होऊनही ही शाखा मूळ वृक्षाचीच राहते.

'स्टार ट्रेक' : उजेडाची किंमत

मूळ दृष्टीविषयी सर्वाधिक वाद 'स्टार ट्रेक'बाबत झाला. ही मालिका 1980च्या दशकात दूरदर्शनवर दाखवली गेली असल्याने त्या पिढीतील अनेक मराठी प्रेक्षकांनाही ती परिचित आहे. 1966 ते 1969 या काळातील मूळ मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांचे भविष्यचित्र स्पष्ट होते: पृथ्वीवरील दारिद्र्य, वंशद्वेष व युद्ध संपलेले आहे आणि मानवजात एका संघराज्याचा भाग म्हणून ज्ञानासाठी अंतराळात जात आहे. शीतयुद्धाच्या काळात रशियन, जपानी आणि आफ्रिकी वंशाची पात्रे एकाच नियंत्रणकक्षात बसवणे हे धाडसच होते. 1987 पासूनच्या दुसऱ्या मालिकेत रॉडनबेरींनी आणखी कडक नियम केला. यानातील अधिकाऱ्यांत आपसांत क्षुद्र संघर्ष नसावा, कारण तोवर माणूस सुधारलेला असेल. लेखकांना हा नियम जाचक वाटे. संघर्षाविना नाट्य कसे लिहावे, ही त्यांची अडचण खोटी नव्हती.

24 ऑक्टोबर 1991 रोजी रॉडनबेरी निवर्तले. जानेवारी 1993 मध्ये 'डीप स्पेस नाइन' सुरू झाली. येथे यानाऐवजी एका युद्धाने पोळलेल्या प्रदेशातील स्थानक होते. परकीय सत्ता नुकतीच गेलेली, स्थानिक लोकांचा धर्म जिवंत, कालचे दहशतवादी आज शासनात. पुढे तर मालिकेने अनेक वर्षांच्या महायुद्धात प्रवेश केला. ही रॉडनबेरींशी प्रतारणा आहे, असा आक्षेप तेव्हापासून घेतला गेला.

या आक्षेपाची कसोटी 1998 सालच्या 'इन द पेल मूनलाइट' या भागावर लागते. संघराज्य युद्ध हरत आहे. स्थानकाचा प्रमुख सिस्को, तटस्थ राहिलेल्या शेजारी साम्राज्याला युद्धात ओढण्यासाठी, खोटा पुरावा तयार करवून घेतो. लबाडी उघडकीस येते; तेव्हा त्याचा सहकारी त्या साम्राज्याच्या प्रतिनिधीचे यान परस्पर उडवून देतो. साम्राज्य युद्धात उतरते आणि असंख्य प्राण वाचतात. हे सगळे सिस्को आपल्या दैनंदिनीत नोंदवत असतो. शेवटी तो स्वतःला पटवू पाहतो की या पापासह जगता येईल, आणि मग नोंद पुसून टाकण्याची आज्ञा देतो.

वरवर पाहता हा आदर्शाचा पराभव आहे. परंतु ज्या जगात आदर्शच नाही तेथे कबुलीची गरज का भासावी? सिस्कोला दैनंदिनीसमोर बसावे लागते आणि मग ती पुसावी लागते, कारण रॉडनबेरींचे मूल्य त्याच्यावर अजून बंधनकारक आहे. मूळ मालिकेतही हे बीज होते. 1967 सालच्या 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर' या भागात, इतिहास पूर्ववत राहावा म्हणून नायक कर्कला आपल्या प्रिय स्त्रीचा मृत्यू डोळ्यांदेखत होऊ द्यावा लागतो. ती स्त्री शांततावादी असते, आणि नेमका तिचा शांततावाद चुकीच्या क्षणी यशस्वी झाल्यास नाझी जर्मनी जिंकणार असते. रॉडनबेरींच्या उजेडाला पहिल्यापासूनच किंमत होती. ती पुढच्या लेखकांनी मोठ्या आकड्यांत मांडली, इतकेच.

त्याच 1998 साली या मालिकेत 'सेक्शन 31' ही संघराज्याची गुप्त, कायद्याबाहेरची यंत्रणा आली. शत्रूच्या संपूर्ण वंशात तिने रोग पसरवलेला असतो. 1999 मध्ये मालिका संपताना, स्थानकावरील एक अधिकारी त्या रोगाचा उपाय शत्रूला देतो आणि त्यातूनच युद्ध थांबते. म्हणजे काळोखी यंत्रणा कथेत आहे, परंतु कथेचा निर्णय तिच्या बाजूने लागत नाही. जानेवारी 2025 मध्ये याच नावाचा एक चित्रपट आला. त्यात ही यंत्रणा चमकदार पोशाखांच्या हेरकथेची केवळ पार्श्वभूमी झाली आहे. तिच्या अस्तित्वाने संघराज्याला काय होते, हा प्रश्नच उरलेला नाही. समीक्षक आणि जुने प्रेक्षक या दोघांनीही तो नाकारला, याचे नवल वाटत नाही. हा चित्रपट 'डीप स्पेस नाइन'पेक्षा अधिक गडद मुळीच नाही, तरी तो मूळ दृष्टीपासून अधिक दूर गेला आहे.

'स्टार वॉर्स'मधील 'अँडोर' (2022 व 2025) या मालिकेचा येथे ओझरता उल्लेख पुरेसा आहे. तीत तेजस्वी तलवारी नाहीत, दैवी शक्तीचे योद्धे नाहीत. आहेत ते कारकून, तुरुंग, बैठका आणि भीतीने गप्प बसलेली माणसे. परंतु 1977च्या मूळ चित्रपटामागे व्हिएतनाम युद्धाची सावली असल्याचे जॉर्ज ल्यूकस यांनी स्वतः सांगितले आहे. साम्राज्याविरुद्धचे बंड ही मूळ गोष्ट होती आणि या शाखाकृतीने ती परीकथेच्या वेष्टनातून बाहेर काढली.

निकष

वरील उदाहरणांवरून निष्ठेचा निकष सुराच्या उजेड-अंधारात शोधणे व्यर्थ असल्याचे दिसते. प्रत्येक मूळ कृतीच्या केंद्रस्थानी एक गृहीतक असते. 'डॉक्टर हू'चे गृहीतक, कोणाचाही बळी गृहीत धरू नये. 'स्टार ट्रेक'चे, माणूस विवेकाने सुधारू शकतो. शाखाकृतीने हे गृहीतक कितीही संकटात टाकावे, त्याची किंमत वाढवावी, त्याला हरवावेसुद्धा. मात्र कथेतील कोणाला तरी त्याचा जाब द्यावा लागला पाहिजे. जाब विचारणारे कथेत कोणी उरले नाही, की शाखा तुटते.

या निकषावर एक रास्त आक्षेप संभवतो. गृहीतक कोणते हे ठरवणार कोण? रॉडनबेरी हयात असते तर त्यांना सिस्कोची लबाडी पटली असती असे नाही; बहुधा पटली नसती. परंतु निर्मात्याची संमती आणि कृतीशी निष्ठा या भिन्न गोष्टी आहेत. न्यूमन यांना डॅलेक नको होते, आणि चूक त्यांचीच होती. कृती एकदा वाचकांच्या हाती गेली की तिचे गृहीतक तिच्या पानांतून वाचावे लागते, निर्मात्याच्या सूचनापत्रातून नव्हे.

नारळीकरांच्या कथेतील हिम

हा निकष घेऊन मराठीकडे परत आल्यास प्रथम नारळीकरांचे साहित्यिक गुरुकुल पाहावे लागते. केंब्रिजमधील त्यांचे मार्गदर्शक फ्रेड हॉईल स्वतः विज्ञानकथाकार होते. त्यांच्या 1957 सालच्या 'द ब्लॅक क्लाउड' या कादंबरीत अंतराळातील एक मेघ सूर्याला झाकतो आणि पृथ्वीवर प्रचंड मनुष्यहानी होते. राजकारण्यांचा आंधळेपणा हा त्या कादंबरीचा मोठा विषय आहे. नारळीकरांच्या लेखनावरील हॉईल यांचा प्रभाव सर्वज्ञात आहे. म्हणजे मराठी विज्ञानकथेच्या 'आशावादी' प्रवाहाचा एक झराच मुळात काळोख्या मेघातून आलेला आहे.

'हिमप्रलय' ही कथा त्याची साक्ष देते. हिमयुग येत असल्याचा इशारा एक भारतीय वैज्ञानिक देतो. कोणी ऐकत नाही. मुंबईत बर्फ पडते आणि जगाची घडी विस्कटते. अखेर, युद्धासाठी बनवलेल्या अग्निबाणांचा उपयोग करून वातावरणात सूक्ष्म कण सोडले जातात आणि तापमान सावरले जाते. शेवट उजेडाकडे जाणारा आहे हे खरे. परंतु कथेचा मोठा भाग इशारा आणि बधिरता यांच्यामधल्या दरीत घडतो. शास्त्रज्ञाला अगोदरच कळलेले असते. त्याचे कळणे निरुपयोगी ठरवणारी व्यवस्था हे कथेतील खरे संकट होय. बर्फ त्यामानाने सोपे आहे.

'वामन परत न आला' त्याहून पुढे जाते. जमिनीखाली सापडलेला एका प्राचीन प्रगत संस्कृतीचा ठेवा, त्यातील माहितीतून साकारणारा यंत्रमानव, आणि ती संस्कृती अशाच यंत्रमानवांमुळे लयाला गेली असल्याचा उलगडा, असा तिचा प्रवास आहे. शीर्षकासाठी नारळीकरांनी बळीची पुराणकथा निवडली, हे अर्थपूर्ण आहे. लहानशी याचना करणारा पाहुणा तिसऱ्या पावलात सर्वस्व घेतो, ही कथा मराठी वाचकाला सांगावी लागत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चर्चेने आज वृत्तपत्रे भरलेली असताना 1986 सालची ही कादंबरी पुन्हा वाचली जायला हवी.

मग नारळीकरांच्या कथाविश्वाचे गृहीतक कोणते? भविष्य चांगले असेल, असे ते नाही. घडणारी प्रत्येक गोष्ट, ती कितीही भयंकर असो, समजून घेता येते, आणि समजल्यानंतर माणसाला निर्णयासाठी थोडी तरी जागा उरते, असे ते आहे. अगदी 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेतसुद्धा, विश्वासरावांना गोळी न लागलेल्या वेगळ्या इतिहासात शिरून आलेल्या प्राध्यापकाला अखेर स्पष्टीकरण हवे असते, आणि ते भौतिकशास्त्राच्या भाषेत दिले जाते. चमत्कार तसाच सोडून देणे हे या लेखकाला मान्य नव्हते.

या दृष्टीने सुबोध जावडेकरांचे लेखन पाहावे. व्यवसायाने रासायनिक अभियंता असलेल्या जावडेकरांनी 1984 सालच्या भोपाळ वायुदुर्घटनेवर 'आकांत' ही कादंबरी लिहिली. ज्या प्रकारच्या कारखान्यांचे ज्ञान लेखकाचे पोटापाण्याचे साधन होते, त्याच प्रकारच्या कारखान्यातील मृत्यूची ही कथा. रंजन या शब्दाला येथे जागा नाही. परंतु दुर्घटना दैवाने घडत नाही. झडपा, टाक्या, दुर्लक्ष आणि निर्णय यांतून घडते. स्पर्धेच्या नियमावलीतील 'विज्ञानरंजन' या शब्दापासून ही कादंबरी दूर आहे. नारळीकरांच्या गृहीतकाच्या मात्र ती अगदी जवळ आहे.

याउलट नारायण धारप (1925-2008) यांच्या 'समर्थ' कथांचा विचार करता येतो. धारपांनी विज्ञानकथाही लिहिल्या. परंतु समर्थ कथांत अमंगळ शक्तीचा पराभव एका असामान्य पुरुषाच्या साधनेने होतो. ते सामर्थ्य वाचकाला समजून घेता येत नाही, केवळ त्याचा आधार वाटू शकतो. भयकथा म्हणून हे लेखन दर्जेदार आहे आणि त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. ते वेगळ्या झाडाचे फळ आहे. आजच्या काही कथांत प्रयोगशाळा, जनुके, संगणक ही सामग्री असते, पण संकट मात्र शापासारखे येते आणि शापासारखेच सर्वांना गिळते. अशा कथांचे नाते धारपांशी आहे. त्या विज्ञानकथेच्या काळोख्या शाखा म्हणून वाचल्या जातात आणि दोन्ही परंपरांवर अन्याय होतो.

फुरसुंगीचा फेणे, मोठ्या पडद्यावर

मराठीत खऱ्या अर्थाने शाखाकृती म्हणता येईल असे एक उदाहरण विज्ञानकथेच्या शेजारघरात सापडते. व्हर्नला मराठीत आणणाऱ्या भा. रा. भागवतांचा मानसपुत्र बनेश ऊर्फ फास्टर फेणे हा फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकणारा, सायकलवरून संकटामागे धावणारा मुलगा. 27 ऑक्टोबर 2017 रोजी प्रदर्शित झालेल्या, आदित्य सरपोतदार दिग्दर्शित 'फास्टर फेणे' या चित्रपटात तो मोठा झाला आहे. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला बनेश, एका परीक्षार्थीच्या मृत्यूचा शोध घेताना परीक्षा व प्रवेश यांच्या गुन्हेगारी व्यवहारापर्यंत पोहोचतो. गिरीश कुलकर्णी यांनी साकारलेला खलनायक कोणत्याही मुलांच्या पुस्तकात शोभणारा नाही.

भागवतांच्या निर्मळ जगात मृतदेह, लाच आणि दहशत आणणे हा अपराध मानावा काय? फेणेचे गृहीतक कुतूहल आणि निर्भयता हे आहे: लहान माणसाला दिसलेली विसंगती मोठ्यांनी नाकारली तरी ती खरी असू शकते. चित्रपटात मृत्यूला आत्महत्या ठरवून सगळे मोकळे होतात आणि बनेश मोकळा होत नाही. अमेय वाघ यांच्या बनेशच्या तोंडी 'टॉक्क' आहे म्हणून ही कृती मूळाशी प्रामाणिक आहे असे म्हणणे वरवरचे ठरेल. तो ऐकतो आणि थांबत नाही म्हणून ती प्रामाणिक आहे. लेखक भागवतांचेच नाव धारण करणारे पात्र दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने चित्रपटात आणणे मात्र थोडे जास्तीचे वाटते. शाखेने मुळाला नमस्कार करावा, त्याला पडद्यावर आणून बसवण्याची गरज नसते.

अध्यापनाच्या अंगाने

महाविद्यालयीन वर्गात विज्ञानकथा सहसा एका कथेपुरती येते, आणि ती कथा विज्ञानाविषयी अनुकूल असावी असा अलिखित संकेत असतो. त्यामुळे विद्यार्थ्याच्या मनात वरील समज पक्का होतो. 'हिमप्रलय' आणि 'आकांत'मधील एखादे प्रकरण शेजारी ठेवून शिकवल्यास हा समज सहज तपासता येईल. मराठीच्या प्राध्यापकाने यासाठी रसायनशास्त्र वा भूगोल विभागातील सहकाऱ्याला एका तासासाठी वर्गात बोलावावे. त्याला फारसा खर्च येत नाही.

'हिमप्रलय'च्या बाबतीत तर काळाने एक विचित्र उलटापालट केली आहे. कथेत पृथ्वी गारठते आणि वातावरणात कण सोडून ती उबदार केली जाते. आज पृथ्वी तापत आहे, आणि ती थंड करण्यासाठी वातावरणाच्या वरच्या थरात सूर्यकिरण परावर्तित करणारे कण सोडावेत, अशी सूचना वैज्ञानिक गंभीरपणे चर्चेला घेत आहेत. अशा उपायाने मोसमी पावसाचे वेळापत्रक बिघडू शकते, ही त्यातील एक प्रमुख भीती. नारळीकरांच्या कथेत अग्निबाण सोडण्याचा निर्णय संकटाच्या धाकाने होतो आणि तो सर्वांच्या हिताचा ठरतो. या कथेची शाखाकृती आज कोणी लिहू पाहील, तर तिला तेथूनच सुरुवात करावी लागेल. कण कोणत्या देशाने सोडले, कोणाला विचारून सोडले, आणि त्यानंतरच्या वर्षी गोदावरीच्या खोऱ्यात पाऊस आला नाही किंवा द्राक्षे उतरवण्याच्या दिवसांत निफाड-दिंडोरीत गारपीट झाली, तर दोन्ही गोष्टींचा संबंध कोण आणि कसा सिद्ध करणार? ही कथा गडदच होईल. तिच्यात इशारा देणारा वैज्ञानिक असेलच. पण या वेळी त्याच्यासमोर बागायतदारही बसलेला असेल, आणि त्याच्या प्रश्नाला आकडेवारीसह उत्तर द्यावे लागेल.